शूजी होस्ट नव्हता त्याची गोष्ट

“तुझ्या बाबांना एका भेटीत गार करतो,” शूजी कुरामोची फोनवर मित्सुकीला म्हणाला. लग्नाचं विचारायला तो आज पहिल्यांदाच तिच्या घरी निघाला होता. बोलता बोलता त्याने केसांवर अख्खा स्प्रे संपवला. केस असे ताठ उभे राहिले की त्यांच्यावर मोजे वाळत घालावेत.

“साधा काळा सूट घाल ना,” मित्सुकी म्हणाली. “केस चापून बसव. होस्टला मुलगी देणार नाही, असं बाबा आधीच म्हणून बसलेत.”

झालं. शूजीचं टाळकं फिरलं. टोकियोच्या काबुकिचो वस्तीतल्या रात्रीच्या क्लबांत बायकांना गोड बोलून शॅम्पेन पाजणारी देखणी पोरं म्हणजे होस्ट. शूजी त्यांतला नव्हता. तो त्यांच्या धर्तीचे कपडे विकणाऱ्या दुकानात कामाला होता, आणि जे विकायचं तेच अंगावर घालायचं हा दुकानाचा नियम. त्यामुळे चकाकता सूट, बेंबीची चौकशी करत खाली गेलेला शर्टाचा गळा आणि भाल्याच्या टोकाचे बूट. पोलीस हटकत, घरमालकीण नाक मुरडी, दाताचा डॉक्टरसुद्धा “काल किती झाली?” असं विचारी. शूजी प्रत्येकाशी भांडे.

“हेच कपडे उद्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचे आणि आज लपवायचे? मी काय चोर आहे?” असं म्हणून त्याने मुद्दाम दुकानातला सगळ्यांत भडक सूट चढवला. जांभळा, साटिनचा.

मित्सुकी स्टेशनच्या पूर्वेच्या दाराशी थांबली आणि हा रागाच्या तंद्रीत पश्चिमेकडून बाहेर पडला. फोनही उचलेना. एकटाच तणतणत तिच्या घरी जाऊन थडकला. बाबा बाहेर गेले होते. दार उघडलं तोमे आजीने.

त्या दिवशी आजीची सत्त्याहत्तरी होती. जपानी रिवाजाप्रमाणे सत्त्याहत्तरीचा रंग जांभळा. आजी जांभळी बंडी घालून होती, तिची गादी जांभळी, आणि भोवती तिच्या गेटबॉल खेळणाऱ्या संघातल्या म्हाताऱ्या जमलेल्या. दारात जांभळा शूजी.

“मित्सुकीने वाढदिवसाला होस्ट पाठवला गं,” आजी आत वळून म्हणाली. “रंगसुद्धा बघून पाठवलाय पोरीने.”

“मी होस्ट नाही,” शूजी बूट काढत म्हणाला.

“सुरुवातीला असंच म्हणतात का हो?” म्हाताऱ्यांतल्या हात्सुए बाईंनी विचारलं.

“नाही म्हणजे नाही! कानांत काय मुळ्याचं लोणचं भरलंय?”

 मग हात्सुए बाई लाजून पदर शोधावा तशी किमोनोची बाही चाचपू लागल्या. “हा खेकसणाऱ्यांतला आहे. टीव्हीवर दाखवतात ना. काहींना गोडबोल्या लागतो, काहींना असला. हे फार नावाजलेले असतात.”

“बाळा, मलाही एक हाण की,” पलीकडची म्हणाली. “माझ्या नवऱ्याने गेल्या वीस वर्षांत माझ्यावर साधा आवाज चढवला नाही.”

शूजी जितका भडके तितक्या त्या खूश होत. क्लबांत शॅम्पेनच्या पेल्यांचा करतात तसा कोणी चहाचे पेले एकावर एक रचून मनोरा केला आणि शूजीला वरून बार्लीचा चहा ओतायला लावला. मनोरा कोसळला. चहा चटईभर. शूजी गुडघ्यांवर बसून खिशातल्या रेशमी रुमालाने पुसू लागला. वर पाहतो तो आजी गालातल्या गालात हसतेय.

“आणि तुम्ही काय त्या गादीवर बेडकासारख्या बसून टुकुटुकु बघताय?”

“मला बेडूक म्हणाला,” आजीने कृतार्थ होऊन सगळ्यांना सांगितलं.

नेमके त्याच वेळी मित्सुकीचे बाबा घरात आले, आणि त्यांच्यामागे धापा टाकत मित्सुकी.

“हाच ना तो? होस्ट नाही म्हणत होतीस ना गं?” बाबा गरजले. “माझ्याच घरात धंदा मांडून बसलाय!”

शूजी बाबांवरही उलटा गरजला. खात्री नसेल तर दुकानात फोन लावा, म्हणाला. बाबांनी खरोखरच लावला. मालक पलीकडून म्हणाला, “कुरामोची? आमचाच माणूस. प्रामाणिक आहे, जरा तापट.”

बाबांचा चेहरा निवला. “म्हणजे तू खरंच होस्ट नाहीस.”

“मघापासून घसा फोडून तेच सांगतोय!” शूजी विजयी मुद्रेने म्हणाला.

 हात्सुए बाईंनी बाही खाली सोडली. तोमे आजी गादीवर ताठ झाली.

“म्हणजे,” ती सावकाश म्हणाली, “मला बेडूक म्हणाला ते मनापासून?”

“माझ्या आईला बेडूक?” बाबांनी विचारलं. “सत्त्याहत्तरीच्या दिवशी?”

या घरात आजीच्या मर्जीबाहेर साधं लोणचंही मुरत नसे, हे मित्सुकीने त्याला पूर्वीच सांगून ठेवलं होतं. ती दारातून त्याच्याकडे बघत होती, अगदी रडकुंडीला आली होती. शूजीने एकदा आजीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग त्याने हात टेकले आणि कपाळ ओल्या चटईला लावलं.

“मी होस्ट आहे,” तो म्हणाला.

“मग फोनवर बोलला तो?” बाबांनी विचारलं.

“तोही होस्टच.”

आजीचा चेहरा लोण्यासारखा मऊ झाला. म्हाताऱ्यांनी सुटकेचे निःश्वास टाकले.

“पोरगा गुणी आहे,” आजीने निकाल दिला. “पण बाळा, संसार करायचा तर हे काम सोड. सरळ एखाद्या कपड्यांच्या दुकानात वगैरे उभा राहा. मग आमची मुलगी तुझी.”

शूजीच्या कपाळाची शीर तटतटून फुगली. दातांचा आवाज हात्सुए बाईंपर्यंत गेला.

“उद्यापासूनच बघतो,” तो चटईशी पुटपुटला.