गुंड्याची सुरक्षित दिवाळी

रांजणगावच्या एका कारखान्यात मी सेफ्टी सुपरवायझर आहे. चौदा वर्षं! या चौदा वर्षांत माझ्या विभागात कुणाच्या बोटाचं नखसुद्धा तुटलेलं नाही. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत घरातला एक कुत्रा, आमचा गुंड्या, सुखरूप ठेवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

तुम्ही म्हणाल, दिवाळीत कुत्र्याला काय होतंय? हाच तो बेफिकीरपणा! उकळतं तेल, पणत्या, माळांच्या वायरी, फटाके, मनुके, चॉकलेट... चॉकलेट कुत्र्याला विष असतं, ठाऊक आहे? आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून वसुबारसेला सगळ्यांना ओट्यापाशी उभं करून मी अर्धा तास ट्रेनिंग दिलं. पाच सूचना लिहून भिंतीला चिकटवल्या.

"अहो, करंज्या जळतायत!" बायको म्हणाली.

"गॅस बंद कर, अनिता. आधी सेफ्टी!"

आमची तेजश्री, अकरावीला असल्यामुळे, मोबाइलकडे बघून हसली. आईनं मात्र मान डोलावून ऐकलं. आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चॉकलेटचा मुद्दा दोनदा समजून घेतला.

"म्हंजी कंपनीनं दिवाळीला दिल्यालं ते चाकलेटचं खोकं तू ठिवणार कुठं?"

"कपाटावर, आबा. एकदम वर."

"हां. लई बेस."

अभिमानानं माझा ऊर भरून आला. एक तरी माणूस सेफ्टीबद्दल गंभीर होता!

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी नवा शर्ट काढायला खोलीत गेलो आणि पायाखालची फरशीच सरकली. कॉटखाली चॉकलेटचं खोकं. रिकामं! चोवीसच्या चोवीस साफ! आणि शेजारी, चारी पाय ताणून, गुंड्या.

"गुंड्या!"

कान हलला नाही.

"गुंड्याऽऽ!"

शेजारच्या गल्लीतली दोन कुत्री भुंकली. हा गप्प. टाळ्या वाजवल्या, ताट वाजवलं. शेवटी गदागदा हलवला, तेव्हा त्यानं एक डोळा उघडला, वसुलीला आलेल्या माणसाकडं बघावं तसं माझ्याकडं बघितलं आणि परत मिटला.

"गेला!" मी बोंब ठोकली. "खोकं खाली कुणी काढलं?"

"मी नाही!" अनिता.

"मी नाही!" तेजश्री.

आई अंगणात रांगोळीत दंग होती. आबा पंख्याकडं बघत म्हणाले, "त्यानंच काढलं आसंल. लई उड्या मारतंय ते."

सहा फुटी कपाट! पण वाद घालायला वेळ कुणाला होता? मी मोटरसायकलला किक मारली, मागं आबा, मधे चादरीत गुंडाळलेला गुंड्या. अनिता आणि तेजश्री स्कूटीवर. शिरूरच्या बाजारात झेंडूचे ढीग, केरसुण्या, लाह्या, माणसंच माणसं! मी हॉर्न वाजवत "बाजूला व्हा, पेशंट आहे!" असं ओरडत होतो. एका बाईनं आबांकडं बघून हात जोडले. "म्हाताऱ्याला जपून न्या हो!"

आबांना खरंच दरदरून घाम फुटला होता. मला वाटलं, काय हा जीव! कुत्र्यावर इतकी माया!

जनावरांच्या डॉक्टर सीमा मॅडम पूजेच्या साडीतच दवाखान्यात आल्या.

"किती खाल्ली?"

"चोवीस, मॅडम! काळी, कडू!"

"कागदासकट?"

"छे! कागद सोलून. नीट गोळ्या करून ठेवल्यात."

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "कुत्र्यानं?"

"हुशार आहे हो तो!"

"बरं. आधी उलटी करवू. मग सलाईन. रात्रभर इथंच ठेवावा लागेल. धरा त्याला."

गुंड्या टेबलावर बसून शांतपणे मॅडमच्या साडीचा पदर हुंगत होता. सुई वर गेली. माझे डोळे भरले. तेवढ्यात मागून आरोळी आली.

"थांबा! मुक्या जिवाला टोचू नगा!"

आबा! हात वर करून उभे. पोलिसांपुढं करतात तसे.

"चाकलेट म्या खाल्लंय."

बाहेर लवंगी फुटली. मी गुंड्याला सोडून आबांकडं वळलो.

"आबा! तुम्हाला शुगर आहे!"

"म्हनूनच! च्या फिका, लाडू न्हाई, करंजी न्हाई. दिवाळी हाय का सुतक?"

"चोवीस?"

"बावीस," आबा स्वाभिमानानं म्हणाले. "दोन तुझ्या आईला दिली."

"मग हा ओ का देत नाही?" मी गुंड्याकडं बोट दाखवलं. मॅडमनी त्याचा लोंबता कान उचलला, चिमटा घातला आणि कापसाचा हा एवढा बोळा बाहेर ओढला. दुसऱ्या कानातून दुसरा.

तेजश्रीनं घरी फोन लावला. स्पीकरवर आईचा आवाज खणखणला, "मंग? चवथ्या नंबरला तुझ्या पप्पानीच लिवलंय न्हवं, फटाक्याच्या आवाजापासून कुत्र्याला जपा म्हनून! सकाळीच घातलाय म्या. का, निघाला का काय?"

आता सांगा! एकानं माझी सूचना धाब्यावर बसवली आणि एकीनं तंतोतंत पाळली, आणि दोन्हीकडून तोंडावर पडलो मी! बरं, ओरडायचं कुणावर? आबांना तसंच माणसांच्या दवाखान्यात नेलं. साखर इतकी चढलेली, की तिथल्या डॉक्टरांनी दोन दिवस ठेवूनच घेतलं. गुंड्यासाठी आबांनी कबूल केलं नसतं, तर कुणाला पत्ता लागला नसता. हे मनात आलं आणि माझा राग निम्म्यावर आला.

निम्म्यावरच! कारण घरी आल्यावर मी सीमा मॅडमचा केसपेपर वाचला.

"पेशंट : गुंड्या. प्रकृती उत्तम. झोपमोड झाल्यामुळे किंचित चिडचिडा. औषधाची गरज नाही. मालकाचं बीपी तपासून घ्यावं."

मी तो त्याच मिनिटाला फाडणार होतो. पण अनितानं वाटेतच लॅमिनेशन करून आणला होता.