पहिली, तुकडी अ

आमच्या थेटे गुरुजींना गावातल्या कुठल्याही बारशाचं आमंत्रण द्यावं लागत नसे. ते तिथे असायचेच. पाळणा म्हणून झाला, आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, कुर्रर्र झालं, आत्याच्या पाठीत धपाटे बसले, की बायकांच्या घोळक्यातून वाट काढत गुरुजी पुढे व्हायचे. टोपी काढायचे, पाळण्यावर वाकायचे आणि बाळाच्या दुसऱ्या कानात गंभीर आवाजात सांगायचे, "इयत्ता पहिली, तुकडी अ." मग सरळ उभे राहून बाळाच्या आजीला म्हणायचे, "नोंद झाली समजा." आणि मूठभर घुगऱ्या घेऊन शाळेच्या वाटेला लागायचे.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नोकरीत नवी होते. मला वाटलं, माणूस कामाने शिणलाय, याला रजेची गरज आहे. पुढे कळलं की माणूस पूर्ण शुद्धीवर आहे आणि शाळेचा पट राखतो आहे.

राहात्याकडून श्रीरामपूरला येताना पेरूच्या बागा संपतात, कालवा लागतो, त्याच्या अलीकडे आमची जिल्हा परिषदेची शाळा होती. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी मुख्याध्यापक थेटे गुरुजींकडे, तिसरी ते पाचवी माझ्याकडे. मी श्रीरामपूरहून स्कूटीवर यायचे. गुरुजी गावातच राहायचे. दोनदा त्यांची बदली झाली आणि दोनदा ते विनंती अर्ज करकरून इथेच परत आले. आमच्यासारख्या शाळेचा पट घसरला की ती शेजारच्या गावच्या शाळेत मिळवून टाकतात. शेजारचं गाव कालव्याच्या पलीकडे, मधला रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा. लहान पोरांनी त्या रस्त्याने जायचं, या एका विचाराला गुरुजी भ्यायचे. बाकी कशाला ते भीत नसत, साहेबांनाही नाही.

त्यांच्या वर्गाच्या दारावर त्यांनी स्वतः ऑइलपेंटने ठळक लिहिलं होतं, 'इयत्ता पहिली, तुकडी अ'. एकदा केंद्रप्रमुख आले, दारापाशी थांबले आणि म्हणाले, "गुरुजी, अ दिसतीय. ब कुठंय?"

"येतीय ना साहेब," गुरुजी म्हणाले. "वाटेत हाये."

साहेबांनी खरोखरच रस्त्याकडे पाहिलं. मग चहा पिऊन निघून गेले.

अंगणवाडीत लसीकरण असलं की मधल्या सुट्टीत गुरुजी तिथे हजर. नर्सबाईंना सांगायचे, "हळू टोचा हो, आमच्या वर्गातलं हाये." किराणा दुकानात कुणाची सासू भेटली की चौकशी व्हायची, "काय म्हनतीय आमची ॲडमिशन? कितवा चाललाय?" सासू बिचारी पदर तोंडाला लावून हसायची. एका घरी जुळं झालं त्या दिवशी शाळेत पेढे आले. बापाने आणले नव्हते, गुरुजींनी आणले होते. आणि एखादा तरुण चाकणला कंपनीत लागला, बायकोपोरं घेऊन निघाला, की गुरुजी दिवसभर सुतकातला चेहरा करून बसायचे. त्याला नोकरी लागल्याचा आनंद नसायचा असं नाही, पण पोरांचं नाव पटावरून कमी करताना त्यांचा हात चालायचा नाही. ते काम मला करावं लागे.

पण त्यांचा खरा पराक्रम लग्नं जमवण्यात होता. गावात तिशीला आलेली चांगली कर्ती पोरं मारुतीच्या पारावर मोबाईल चोळत बसलेली असायची, कारण शेती करणाऱ्याला मुलगी द्यायला कुणी राजी नाही. त्यांचे आईबाप हळहळायचे. गुरुजी हादरले. "मॅडम, लग्नंच न्हाई झाली तर पट कुठून आनायचा?" मीटिंगला नगरला जायचे आणि येताना परिपत्रकांऐवजी स्थळं घेऊन यायचे.

सुदाम निर्मळ हा त्यांचाच विद्यार्थी. पेरूची बाग, कष्टाळू, पण लाजाळू इतका की मुलगी बघायला गेला तर सतरंजी बघून परत यायचा. गुरुजी त्याला घेऊन पाथर्डीकडे गेले. मुलीच्या बापाने विचारलं, घर कसं आहे? गुरुजी म्हणाले, "दोन खोल्या हायेत, पत्रे नवे हायेत, समोर मोठं पटांगण." पाण्याचं विचारलं. "बोअर हाये, बारमाही." बाप म्हणाला, आणि मुलगा काय मिळवतो? गुरुजी म्हणाले, "शाळा घरापासून हाकेवर हाये." तोपर्यंत सुदामच्या लक्षात आलं होतं की गुरुजी आपल्या घराचं नाही, शाळेचं वर्णन करताहेत, पण तोंड उघडायचं त्याला धाडस होईना. आत पडद्यामागे मुलगी हसून हसून बेजार झाली. तीच रेखा. "ज्या गावात असली मानसं हायेत तिथं करमल असं वाटलं," असं तिने मला पुढे सांगितलं.

सुदाम-रेखाच्या पहिल्या मुलीच्या, अक्षदाच्या बारशाला गुरुजी नवा सदरा घालून गेले होते. कानातली नोंद त्यांनी दोनदा सांगितली, असं म्हणतात. ती खरंच आली, पहिली तुकडी अ मध्ये बसली. पाठोपाठ तिच्या चुलत्याच्या दोन मुली आल्या आणि शेवटी तिचा धाकटा भाऊ ओंकार. चार पोरं एका घरातली. आमच्यासारख्या शाळेला हे म्हणजे घरात चार कर्ती माणसं असल्यासारखं.

बाकीच्या घरांचं असं राहिलं नाही. फाट्यावर इंग्रजी शाळा निघाली आणि तिची पिवळी गाडी रोज सकाळी गावात येऊ लागली. गुरुजींनी ज्यांच्या कानात नोंद केली होती त्यातले निम्मे कान गाडीच्या खिडकीत दिसायला लागले. गुरुजी त्यांना हात करायचे. त्या शाळेबद्दल वाईट बोलताना मी त्यांना ऐकलं नाही. एवढंच म्हणायचे, "नोंद आपल्याकडं, हजेरी तिकडं."

आणि मग अक्षदा पाचवीत शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीत आली. जिल्ह्याच्या! शिष्यवृत्तीचा जादा तास गुरुजी स्वतः घ्यायचे, शाळा भरायच्या आधी, थंडीत मफलर गुंडाळून. निकाल कळला तेव्हा ते पटांगणात नुसते गोल गोल फिरत राहिले. मग मला म्हणाले, "मॅडम, सत्कार. मोठा. मांडव घालून."

सत्कार म्हटला की प्रमुख पाहुणा लागतो. आणि गुरुजींनी बोलावलं कुणाला, तर फाट्यावरच्या इंग्रजी शाळेच्या संस्थाचालकांना! मी म्हटलं, "गुरुजी, नका हो. दुसरं कुणीही चालेल, पण ते नको." तर म्हणाले, "येऊ द्या. जिल्हा परिषद म्हंजे काय चीज हाये ते त्यांच्या डोळ्यानं बघू द्या." मला अजून वाटतं, मी मांडवाचे दोर सोडून टाकायला हवे होते.

झालं. मांडव पडला, कर्णा लागला, शाल-श्रीफळ आलं. प्रास्ताविकात गुरुजींनी शाळेचा इतिहास पायाभरणीपासून सांगितला, त्यात बोअरला पाणी लागल्याचा प्रसंग इतका रंगवला की चहा निवून गेला. पाहुणे मात्र थोडक्यात बोलले. गोड बोलले. अक्षदाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, या लेकीचं दहावीपर्यंतचं शिक्षण आमच्या शाळेत मोफत, आणि तिची जी भावंडं असतील त्यांनाही निम्म्या फीमध्ये घेऊ, गाडी दारात येईल.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात आधी टाळी वाजवली ती थेटे गुरुजींनी. गावातल्या पोरीचं कौतुक झालं एवढंच त्यांना पहिल्यांदा कळलं होतं. मग टाळ्या चालू असतानाच त्यांचे हात हळूहळू मंदावत गेले आणि मांडीवर येऊन पडले. पाहुण्यांच्या गळ्यातला हार आमच्याच मुलांनी ओवलेला होता. त्या माणसाचा मला फार राग आला. आणि खरं सांगते, गुरुजींचाही आला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सुदाम आणि रेखा शाळेत आले, सुदामच्या भावाच्या वतीनेही. अक्षदा दाराला टेकून उभी राहिली. अक्षदा पाचवी झाली होती, ती कुठे ना कुठे जाणारच होती. पण धाकटी तिघं गेली तर शाळा टिकत नव्हती, हे त्या तिघांनाही माहीत होतं आणि आम्हा दोघांनाही.

सुदाम चपलेकडे बघत म्हणाला, "गुरुजी, तुमी म्हनाल तसं. तुमी नगं म्हनलं तर इषय संपला."

गुरुजींनी एक शब्द बोलायचा होता. मी मनातल्या मनात तो शब्द शंभरदा बोलले. गुरुजींनी अक्षदाला विचारलं, "तुला काय वाटतंय गं?"

"मला जायचंय," ती बारीक आवाजात म्हणाली. "तिथं प्रयोगशाळा हाय, गुरुजी. खरी."

"मग जा की. त्यात इचारायचं काय?"

मला राहवेना. मी म्हटलं, "मोठीला जाऊ द्या, गुरुजी. तिघांना तरी ठेवा. त्यांना कुठे शिष्यवृत्ती मिळालीय?"

गुरुजी माझ्याकडे बघून हसले, वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराकडे बघून हसायचे तसे. "एका दारातून एक लेकरू गाडीत बसून जानार आन तिघं तोंड बघत पायी निघनार? रोज सकाळी रडारड व्हईल, मॅडम. असं करू न्हाई." आणि त्यांनी दाखल्यांवर तिथल्या तिथे सह्या केल्या. नाव कमी करायचं काम या खेपेला त्यांनी मला दिलं नाही.

पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शाळा कालव्यापलीकडच्या शाळेत मिळवली गेली. माझी बदली नगरच्या बाजूला झाली, गुरुजींची अकोले तालुक्यातल्या डोंगरात. दोन खोल्यांना कुलूप आहे. पण त्यापेक्षा मला त्या जूनमधली सकाळ जास्त छळते.

इंग्रजी शाळेत पालकांची मुलाखत असते असं कळल्यावर सुदाम-रेखाच्या तोंडचं पाणी पळालं. गुरुजी म्हणाले, मी येतो. मला म्हणाले, "तुमीपन चला, मॅडम. इंग्रजीत काय इचारलं तर माझी तारांबळ व्हईल." कोऱ्या कपड्यांतली चार पोरं, दोन आईबाप आणि आम्ही दोघं प्रिन्सिपल मॅडमच्या केबिनमध्ये कोंबून बसलो. त्यांनी विचारलं, पालक कोण? सुदामने गुरुजींकडे पाहिलं.

"मी," गुरुजी म्हणाले, आणि सुरूच झाले. "ही अक्षदा. हिचं चुकलं तर उत्तर सांगू नका, 'परत बघ' एवढंच म्हना, तिची ती काढती. ह्या दोघी चुलत बहिनी, ह्यांना एका बाकावर बसवू नका, बडबड लई. आन हा ओंकार. नव्या ठिकानी हा आठवडाभर बोलत न्हाई. मुका न्हाई, पन बोलत न्हाई. ह्याच्यावर मोठ्यानं वरडू नका, चड्डी ओली हुती. दुसरी चड्डी दप्तरात ठिवलीय, खालच्या कप्प्यात."

प्रिन्सिपल मॅडमनी विचारलं, मुलांना इंग्लिश कितपत येतं?

"मला जेवढं येतं तेवढं समदं येतं," गुरुजी म्हणाले.

त्या मॅडम हसल्या. माणूस म्हणून चांगल्या होत्या, उगाच नावं ठेवणार नाही. पोरं वर्गात गेली, सुदाम आणि रेखा गणवेश घ्यायला मागच्या बाजूला गेले. गुरुजी आणि मी फाटकापर्यंत आलो तोच मागून हंबरडा ऐकू आला. ओंकार वर्गाच्या खिडकीचे गज धरून रडत होता. आईला हाक मारत नव्हता. "गुरुजी! गुरुजी!" म्हणून ओरडत होता.

गुरुजी झटकन फाटकाच्या खांबामागे सरकले आणि मलाही हाताने खूण केली. पहिलीच्या पोरांच्या आईबापांना गुरुजी दर जूनला हेच सांगायचे, दिसू नका. दिसलात की रडू वाढतं. गुरुजी भिंतीला पाठ लावून उन्हात उभे राहिले. टोपी हातात घट्ट धरलेली.

"थांबला का?"

मी डोकावले. "नाही."

"खिडकीत हाये?"

"आहे. तुम्हालाच शोधतोय."

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. आतलं रडू हळूहळू कमी झालं, हुंदक्यांवर आलं. मी पुन्हा पाहिलं. एका बाईंनी त्याला खिडकीतून उतरवून जवळ बसवलं होतं, एका मुलीने आपली रंगपेटी त्याच्यापुढे केली होती. तो अजून मुसमुसत होता, पण हात रंगपेटीत गेला होता.

"थांबला का, मॅडम?"

नाही म्हणावंसं वाटलं. मी नाही म्हटलं असतं तर गुरुजी आत धावत गेले असते, पोराला उचलून माझ्या स्कूटीवर बसवून परत आपल्या शाळेत घेऊन आले असते, अशी माझी खात्री होती.

"थांबला," मी म्हटलं.

"रमला," गुरुजी म्हणाले. टोपी डोक्यावर घातली, नीट केली. "रमलाच पायजे. हुशार हाये. चला, मॅडम."

मी स्कूटी काढली, सुरूही केली. गुरुजी भिंतीपासून हलले नव्हते.

"जरा वेळ थांबू का?" ते म्हणाले. "परत रडला तर?"

मी गाडी बंद केली. आम्ही तिथे उन्हात बराच वेळ उभे राहिलो. ओंकार परत रडला नाही.