दीड पाइंटाची चोरी

ऑर्व्हिल टेश यांच्यासारखी नजर अख्ख्या शेबॉयगन परगण्यात दुसरी नाही, हे खुद्द ऑर्व्हिल टेश यांचं मत होतं आणि कुणी विचारलं नाही तरी ते देत. एकतीस वर्षं त्यांनी डेअऱ्यांची तपासणी केली. दुधात घातलेलं पाणी आपल्याला कॅनच्या झाकणावरूनच कळायचं, असं ते सांगत. ते पाणी घालणारा एकतीस वर्षांत एकदाही सापडला नाही, हे सांगायचं राहून जाई. निवृत्तीनंतर त्यांनी कार्डं छापून घेतली: 'ऑर्व्हिल टेश. गूढ प्रकरणे, हरवलेल्या वस्तू, कुत्री.' आजवर सुटलेलं प्रकरण एकच. शेजाऱ्याचं बर्फ उपसायचं फावडं जानेवारीत नाहीसं झालं. टेश यांनी तिघांवर संशय घेतला, दोघांशी कायमचं वैर घेतलं, आणि एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर फावडं अंगणातच निघालं. 'दबाव वाढल्याने गुन्हेगाराने परत आणून ठेवले,' अशी नोंद त्यांच्या डायरीत आहे.

मॅरनला ही डायरी अधूनमधून ऐकावी लागे, कारण ती त्यांची सख्खी पुतणी होती आणि वडील, लाइल टेश, नोव्हेंबरात गेल्यापासून काकांनी तिला आपली मदतनीस नेमलं होतं. मदतनिसाला काम एकच: टॉर्च धरणं.

लाइल तळघरात बिअर करत. शेवटची खेप त्यांनी जाण्याच्या आठवड्यातच लावली होती. सातूच्या मोडांचं गोड पाणी हॉप्सची कडवट फुलं घालून तासभर उकळलं; याला बिअर करणारी मंडळी वर्ट म्हणतात, आणि यीस्ट पडेपर्यंत ते नुसतं सरबत असतं. एरवी ते तांब्याच्या नळीची गुंडाळी पातेल्यात सोडून, तिच्यातून थंड पाणी खेळवून वर्ट झटपट गार करत. त्या दिवशी गुंडाळी उचलण्याचं त्राण नव्हतं. म्हणून उकळतं वर्ट तसंच प्लॅस्टिकच्या चौकोनी डब्यात काठोकाठ भरलं, झाकण पिळून घट्ट केलं आणि वहीत लिहिलं: 'उकळतंच भरलं. पाच गॅलन. यीस्ट पुढच्या आठवड्यात.'

पुढचा आठवडा त्यांच्या वाट्याला आला नाही. डबा चार महिने तसाच राहिला. मॅरन तळघरात जाई, त्याच्याकडे बघे आणि वर येई.

मार्चमध्ये तिने एकदाचं ठरवलं, आणि नॉर्बर्ट वोयानला फोन केला. नॉर्ब हा वडिलांचा तीस वर्षांचा बिअरमधला भागीदार. लाइलचं यीस्ट, दर खेपेच्या तळातून काढून पुन्हा पुन्हा वापरलेलं, नॉर्बच्या फ्रिजमध्ये एका बरणीत होतं. दुसरीकडे कुठे ते नव्हतं. शनिवारी सकाळी दहाला बरणी घेऊन येतो, म्हणाला.

काका नऊलाच आले. देखरेखीसाठी. मॅरन वर कॉफी ओतत होती तेवढ्यात त्यांनी खाली जाऊन डबा उघडला आणि वर्ट गॅलनच्या पाच बरण्यांत मोजून ओतलं. चार बरण्या भरल्या. पाचवी वरून पाचवा हिस्सा रिकामी राहिली; गॅलनचे पाइंट आठ.

"दीड पाइंट," काका म्हणाले. त्यांचा चेहरा वर्षानुवर्षं उपाशी असलेल्या माणसाला ताट दिसल्यासारखा झाला होता. "लाइलने आयुष्यात कधी खोटा आकडा लिहिला नाही. म्हणजे चोरी."

वहीतल्या 'पाच गॅलन' या शब्दांखाली त्यांनी लाल रेघ मारली. आधीच्या दोन शब्दांशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

पहिला संशय रॅकूनवर, म्हणजे रात्री डबे धुंडाळणाऱ्या मांजराएवढ्या प्राण्यावर गेला, कारण त्याला हात असतात. पण रॅकून झाकण परत लावत नाही, हे मॅरनने लक्षात आणून दिल्यावर काकांनी तो नाइलाजाने सोडला. मग डबा गळत असेल, असं तिने सुचवलं. काकांनी गुडघ्यांवर बसून जमीन हुंगली, जमिनीचा थोडासा भाग चाटलाही, आणि गळती नाही असं जाहीर केलं. शेवटी त्यांना डब्याची बाजू दिसली. ती खपाटीला गेलेल्या पोटासारखी आत गेली होती.

"हा अंगठा," ते म्हणाले. "डाव्या हाताचा. कुणीतरी डबा दाबून धरून प्यायलंय. आणि झाकण उघडताना फुस्स आवाज आला. घाईत लावलेल्या झाकणाचाच असा आवाज येतो."

तळघराची किल्ली मॅरनशिवाय एकाच माणसाकडे होती. हिवाळ्यात ती गावाला गेली की हीटर बघायला नॉर्ब येई. नॉर्ब डावखुरा होता.

बरोबर दहाला तो बरणी छातीशी धरून जिना उतरला, लहान बाळ आणावं तसा.

"नॉर्बर्ट," काका म्हणाले, "तू कोणत्या हाताने लिहितोस?"

"बावन्न वर्षं ओळखतोस मला, ऑर्व्हिल."

"प्रश्नाचं उत्तर दे."

प्रश्नाचा अर्थ नॉर्बला हळूहळू कळत गेला. कळल्यावर त्याने मॅरनकडे पाहिलं. ती टॉर्च धरून उभी होती. तिने टॉर्च खाली ठेवायला हवा होता, हे तिला नंतर सुचलं.

"यीस्ट लाइलचंच आहे," तो म्हणाला. "पण मी ज्या घरात चोर, त्या घरात ते ठेवून जाणार नाही."

बरणी कोटात घालून तो निघून गेला. काकांनी लिहिलं: 'संशयित पुराव्यासह फरार.'

मॅरनच्या समोर पाच उघड्या बरण्या होत्या. चार महिने टिकलेलं वर्ट आता हवेला लागलं होतं. उद्यापर्यंत ते आंबून फुकट जाणार, आणि ते जिच्यामुळे वडिलांची बिअर झालं असतं ती बरणी गल्लीच्या टोकाला एका दुखावलेल्या म्हाताऱ्याच्या कोटात होती.

काकांना बरण्यांवर पहाऱ्याला बसवून ती नॉर्बच्या घरी गेली. तो गॅरेजमध्ये होता आणि बाहेर येणार नव्हता. स्वयंपाकघरात त्याची बायको आर्डिस मेपलचा पाक बाटल्यांत भरत होती, कढत. खिडकीत कालच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीचा गळा बोटभर रिकामा होता.

"या कमी भरल्या?" मॅरनने विचारलं.

आर्डिसने तिच्याकडे असं पाहिलं, की मॅरनला आपण सहावीत नापास झाल्याचं आठवलं.

"काठापर्यंत भरल्या. गार झाल्यावर बसतं ते. कढत भरलेलं सगळंच बसतं. तुमच्या घरी कधी कुणी मुरंबा केला नाही का ग?"

मॅरनने एका बाटलीचा रिकामा गळा बोटाने मोजला. मग तिने पाच गॅलनाचं, अंगठ्याचं आणि फुस्स आवाजाचं सांगितलं. आर्डिसने पळी खाली ठेवली आणि गॅरेजच्या दाराकडे तोंड करून हाक मारली.

नॉर्बने सगळं उभ्याउभ्याच ऐकलं.

"डब्याचं पोट आत गेलं होतं?" त्याने एवढंच विचारलं. "मग हवा आत ओढली जाऊन आवाज झाला. घट्ट बंद असल्याशिवाय तसं होत नाही. तुझ्या बापाने झाकण लावल्यावर आज सकाळपर्यंत त्याला कुणाचाही हात लागलेला नाही." तो कोट चढवू लागला. "पहिला हात तुझ्या काकाचा."

वर्ट पुन्हा उकळावं लागणार होतं; चार महिन्यांचं आणि त्यात हवा लागलेलं, दुसरा इलाज नव्हता. यीस्ट द्यायला नॉर्ब तयार झाला, एका अटीवर. उकळतं पातेलं परसातल्या बर्फात गार होईल, आणि ऑर्व्हिल स्टुलावर बसून दर पंधरा मिनिटांनी झाकण उचलून मोजपट्टीने पातळी मोजेल. चोर परत आलाच तर पकडायला कुणीतरी हवं.

काका दोन तास बसले. आर्डिसने त्यांना गोधडी पाठवली. कॉफी पाठवू नका, असं नॉर्बने सांगितलं होतं. चार वाजता ते आत आले तेव्हा त्यांचं नाक जांभळं पडलं होतं आणि डायरीत आठ नोंदी होत्या. '२.१५: हालचाल नाही. पातळी कमी. २.३०: एक खार. चौकशी केली. पातळी कमी.' शेवटची नोंद अशी होती: 'गुन्हेगार: थंडी. एप्रिलमध्ये पळून जाण्याची दाट शक्यता.'

नॉर्बने डाव्या हाताने बरणी उघडली आणि यीस्ट वर्टमध्ये ओतलं.  

मग मॅरनने वडिलांची वही घेतली. लाल रेघेच्या खाली, वडिलांनी लिहिलं असतं तेवढ्याच बारीक अक्षरात, तिने तारीख घातली आणि पुढे लिहिलं: 'गार झाल्यावर कमी भरलं. कुणी प्यायलेलं नाही.'