लोखंडी दरवाजा घेऊन शिकारीला

कुणाबद्दल लिहावं एवढी माझी तयारी नाही, हे आधीच सांगते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि परीक्षेची उत्तरं सोडून मी कधी काही लिहिलेलं नाही. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांच्याच चाळीत आम्ही भाड्याने राहतो. तेव्हा कमीजास्त झालं तर माफ करा.

आमचे चाळमालक बाळारामकाका रोज संध्याकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी उभे राहून बकरीच्या पिल्लासारखे ओरडायचे. दोन्ही हात तोंडाशी धरून, मान ताणून. आईपासून चुकलेल्या करडाचा तो आवाज इतका हुबेहूब असायचा की कोपऱ्यावरच्या मटणवाल्याच्या दारात बांधलेल्या बकऱ्या उत्तर द्यायच्या. मटणवाला खालून हात जोडायचा. "काका, बस करा ना! चारा सोडून वरच बघत बसतात."

"लांडगा असाच येतं," काका त्याला वरून समजावायचे. "बकरू रडला का तो बाहेर निंगतोच."

आता ठाण्याजवळच्या आमच्या दिवा गावात लांडगा कुठला? लांडगे होते उत्तर प्रदेशात, नेपाळच्या बाजूला. तिथे ते लहान मुलं उचलून नेत होते. आणि त्याच भागातल्या एका खेड्यात काकांची एकुलती एक मुलगी राहत होती.

मनीषाताईने चाळीतल्याच एका भाडेकरूशी, लाद्या बसवणाऱ्या रामसूरतशी, पळून जाऊन लग्न केलं. पुढे ती दोघं त्याच्या गावी गेली. तेव्हापासून काकांनी तिचं नाव घेतलं नव्हतं. तिला मुलगा झाला, तो चालायला लागला, तरी नाही. तिचा फोन माझ्या मोबाइलवर यायचा. काकांची बायको, जनाकाकी, आमच्या मोरीत पाटावर बसून तिच्याशी बोलायच्या. तेवढा वेळ काका नाक्यावर जाऊन उभे राहायचे. परत आले की दारातूनच विचारायचे, "झाला का तुमचा काम?" कुठलं काम, ते विचारायचे नाहीत.

असा माणूस एके दिवशी म्हणाला, "मी लांडगा मारायला जातंव." आणि पुढे, कुणी न विचारता, "पाव्हना म्हनून नाय. शिकारी म्हनून!" हे वाक्य त्यांनी दूधवाल्याला सांगितलं, केबलवाल्याला सांगितलं, टँकरच्या रांगेत उभ्या बायकांनाही सांगितलं.

त्यांच्याकडे ठासणीची एक बंदूक होती. इथे भातशेती होती तेव्हा रानडुकरांपासून राखण करायला घेतलेली. डुकरं गेली, शेतावर चाळ उभी राहिली, लायसन तेवढं राहिलं. ते इथल्यापुरतंच आहे, परराज्यात चालणार नाही, असं पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने त्यांना सांगितलं.

"लांडग्याला काय म्हाइती राज्य?" काका म्हणाले.

"तिकडे सरकारी नेमबाज आहेत, काका."

"त्यान्ला बकरूचा आवाज काढता येतं का?"

हवालदाराने लायसन परत त्यांच्या हातात ठेवलं.

काकांना मोबाइलवरचं वाचता येत नसे, म्हणून मी वाचून दाखवायचे. चाळीतले लोक सुरुवातीला मजा म्हणून भोवती जमायचे. पण त्या बातम्या मजेच्या नव्हत्या. आईच्या कुशीतून मूल नेलं. अंगणात झोपलेल्या आजीच्या हातातून नेलं. सकाळी उसाच्या शेतात नुसतं झबलं सापडलं. हळूहळू ऐकायला कुणी येईना. एकदा मी वाचलं की तिथल्या पुष्कळ घरांना दारंच नाहीत, नुसते पडदे आहेत. काकांनी मला थांबवलं. "ते परत वाच."

दुसऱ्या दिवशी ते शीळ रोडवरच्या वेल्डिंगवाल्याकडे गेले आणि चौकटीसकट लोखंडी दरवाजा करून आणला. तो टेम्पोतून उतरवताना अख्खी चाळ बाहेर आली.

"शिकारीला दरवाजा कशाला हो?" माझ्या वडिलांनी विचारलं.

"मचानाला आडोसा पायजे."

"आणि कडी एवढी खाली का बसवली?"

"बसल्या बसल्या लावाला."

मी बघितलं. कडी बरोबर माझ्या खांद्याच्या खाली येत होती. मनीषाताई माझ्यापेक्षा बुटकी आहे. वरच्या कडीला तिचा हात पोचत नसे, म्हणून लहानपणी ती दाराला पाट लावून बाहेर पळायची, असं काकी सांगायच्या.

काकींनीही तयारी चालवली होती. दोर, बॅटरी, दारूगोळा यांच्या शेजारी त्यांनी सुकटीची पिशवी ठेवली, आणि एका रुमालात चांदीचे वाळे.

"लांडग्याला वाले घालनार हायस का?" काका ओरडले.

"राहू द्या. जड नाय ते."

काकांनी पिशवी उचलून बाजूला ठेवली. रुमालाला मात्र हात लावला नाही.

कल्याणहून गाडीने जायचं, दरवाजा ब्रेकमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, टाकायचा, असं सगळं ठरलं आणि निवडणूक लागली. लायसनच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागल्या. काका दर दोन दिवसांनी तिची चौकशी करायला जायचे. "बंदूक मजेत आहे, काका," हवालदार म्हणायचा. "जेवली, झोपली." काका हसायचे नाहीत. "तेल लावा तिला," एवढं सांगून परत यायचे.

त्याच आठवड्यात मनीषाताईच्या शेजारच्या वस्तीवरून लांडग्याने एक मुलगी नेली. मनीषाताईच्या मुलाच्याच वयाची. फोनवर ताई बोलतच नव्हती, नुसती रडत होती. मोरीतून बाहेर आल्यावर काकींनी नवऱ्याला पहिल्यांदा अरेतुरे केलं.

"जा रे तू! बंदूक नको, काय नको. आजच्या गाडीनी जा!"

"बंदुकीशिवाय गेलो," काका म्हणाले, "तं मी कोन?"

"बाप!"

काका गच्चीवर गेले. पण त्या संध्याकाळी बकऱ्यांना उत्तर द्यावं लागलं नाही.

निकाल लागला, काही दिवसांनी बंदूक घरी आली. काकांनी ती पुसली, दरवाज्याला गोणपाट गुंडाळलं, दोर आवळला. मी त्यांचं तिकीट काढायला मोबाइल हातात घेतला आणि नेमका ताईचाच फोन आला.

"लोकांनी काल शेवटचा लांडगा मारला गं," ती म्हणाली. "सगळे संपले. आईला सांग."

मी सांगितलं. काकी देवापुढे साखर ठेवायला धावल्या. काका नाक्यावर गेले नाहीत. दोराचं टोक हातात धरून तिथेच जमिनीवर बसले. कुणी मेल्याची बातमी आणावी तसा त्यांचा चेहरा झाला. मला आधी कळेना, मग कळलं. त्यांना आता तिकडे जायला काही कारणच उरलं नव्हतं.

"सगले मेले?" त्यांनी विचारलं.

"हो, काका."

"नीट विचार तिला." त्यांचा आवाज चढला. "एखादा तरी राहिला असल. विचार तिला!"

मला विचारावं लागलं नाही, फोन चालूच होता. पलीकडे ताईने ते सगळं ऐकलं होतं. मागे तिचा मुलगा काहीतरी बडबडत होता. मग ती बोलली, आणि मी ते जसंच्या तसं काकांना सांगितलं.

"एक राहिलाय म्हणते. लवकर या म्हणते."