ड्रायव्हरकाकांचं नाक आणि डेपोचं निदान

"बावीस वर्षं बस चालवतोय, ड्यूटीवर साधी शिंक दिली नाही कधी!" असं ड्रायव्हरकाका छाती फुगवून सांगत होते, आणि नेमकी तेव्हाच त्यांच्या नाकातून रक्ताची धार लागली. तीही इस्त्रीच्या शर्टावर!

झालं! डेपोत जो तो डॉक्टर. "बीपी! शंभर टक्के बीपी!" टाइमकीपर ओरडला. "मान मागे टाका!" कंडक्टर म्हणाला. "छे, पुढे वाकवा!" म्हणत मेकॅनिकनं ग्रीसच्या हातांनी मान धरलीसुद्धा.

"अरे, मान आहे ती, स्टिअरिंग नाही! आणि बीपी कुणाला? मला?"

रक्त थांबलं, पण तोवर टाइमकीपरनं बसची किल्ली काढून घेतली होती. "बीपीवाल्याच्या हाती चाळीस जीव देऊ? डॉक्टरचा फॉर्म आणा, नाहीतर उद्यापासून चौकशीच्या खिडकीत बसा."

खिडकीत! भर धुक्यातसुद्धा ज्यानं गाडी वेळेवर पोचवली, त्यानं स्टुलावर बसून "गाडी कधी येणार?" ची उत्तरं द्यायची? काकांच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग पाण्याची जागा संतापानं घेतली.

काकू त्यांना ओढतच दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला. "बोलू नका."

"बोलू नको? माझी किल्ली काढून घेतली हो!"

एकशे सत्तर.

"अहो, गप्प बसा ना," काकू म्हणाल्या.

"तूही त्यांच्यातलीच!"

एकशे ऐंशी!

बाईंनी काकूंना बाहेर बसवलं आणि काकांना पंधरा मिनिटं नुसतं पडून राहायला लावलं. पुन्हा मोजलं तर एकशे बावीस.

"बीपीमुळे रक्त नाही आलं, काका. रक्त बघून घाबरलात, वर चिडलात, म्हणून बीपी चढलं."

"मघापासून दुसरं काय सांगतोय मी! द्या लिहून!"

"देते. पण फॉर्मवर रक्ताचं कारण लिहावं लागतं." बाईंनी नाकात बॅटरी मारली. "हा नखाचा ओरखडा आहे. सिग्नलला थांबलात की नाक कोरता का हो?"

काकांनी उजवा हात हळूच पाठीमागे लपवला.

"म्हणजे... तुम्ही तसं लिहिणार? बाई, हा फॉर्म डेपोच्या फळ्यावर लागतो! मेकॅनिकसुद्धा वाचतो!"

"मग काय करू? बस चालवायचीय ना तुम्हाला?"

काकांनी दाराबाहेर बसलेल्या काकूंकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"चौकशीच्या खिडकीत पंखा असतो म्हणे. थोडंसं बीपीच लिहा ना!"