रकाना क्रमांक सात

गुरसरायचं स्थळ, मुलगा वीज खात्यात. मुलीच्या बापाच्या मनगटावर चिंचोक्याएवढा पांढरा डाग. दर तीन आठवड्यांनी इस्पितळासाठी ग्वाल्हेरची गाडी. रकाना क्रमांक सात: घराण्यात कोड आहे / नाही.

झाशीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या वधूवर-यादीत नाव राहायचं तर सातवा रकाना कोरा चालत नाही. म्हणून रेल्वेतले विद्याधरराव मुलीचा, कांचनचा अर्ज घेऊन मंडळाचे सचिव नानासाहेब यांच्यासमोर बसले.

"हे कोड नाही," ते म्हणाले. "मला कातडीचा कॅन्सर आहे. तळपायाला होता, पसरलाय. सलाईनमधून देतात ते औषध शरीराचीच ताकद कॅन्सरवर सोडतं. ती जाता जाता कातडीचा रंगही खाते. डॉक्टर म्हणतात, डाग उठले हे चांगलं लक्षण आहे."

नानासाहेबांचा जीव भांड्यात पडला. "नुसता कॅन्सर? मग घाबरवलंत कशाला! कॅन्सरला रकानाच नाही. पण डाग दिसतो ना, विद्याधरजी. गुरसरायवाले तोंड बघतील, रिपोर्ट थोडेच बघतील?"

डागांच्या पाहणीसाठी त्रिसदस्यीय उपसमिती नेमण्यात आली. पहिल्या पाहणीत डाग तीन. दुसऱ्या पाहणीत अकरा. पैकी एक गालावर, म्हणजे टोपी-सदऱ्याच्या अधिकारक्षेत्राबाहेर. तिकडे ग्वाल्हेरला कॅन्सरच्या गाठी निम्म्यावर आल्या म्हणून डॉक्टर खूश. इकडे उपसमितीचा शेरा: प्रगती असमाधानकारक. ठराव झाला, नवे डाग उठायचे थांबेपर्यंत कांचनचं नाव स्थगित.

"काट दो ना काका मेरा नाम," कांचन नानासाहेबांना म्हणाली. "बाबा बरे होतायत, तेवढं बस आहे."

"बेटा, बाप आज आहे, उद्या नाही. यादी कायमची."

विद्याधररावांना हे पटलं. ते घरून ग्वाल्हेरला निघत, वाटेत दतियालाच उतरत, दिवसभर फलाटावर बसत आणि संध्याकाळच्या गाडीने परत येत. अशा पाच फेऱ्या झाल्या. नवा डाग उठला नाही. जुने हलले नाहीत. गाठी मात्र रजा संपल्यासारख्या कामावर रुजू झाल्या.

पुढच्या सभेत उपसमितीने पूर्ण समाधान व्यक्त केलं. कांचनचं नाव यादीत पुन्हा चढलं. सातव्या रकान्यात नानासाहेबांनी स्वहस्ते 'नाही' लिहिलं. विषय क्रमांक दोन, विद्याधररावांना श्रद्धांजली. आपण सगळे दोन मिनिटं उभे राहिलो. मग चहा झाला.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आरतीला विद्याधरराव लंगडत आले होते. पायाला काय झालंय, असं आपल्यापैकी कुणीही विचारलं नाही.