हलू नका म्हणणाऱ्या कमलताई

"शर्ट काढा, घड्याळ काढा आणि मेल्यासारखे पडा."

कमलताईंचं पेशंटशी पहिलं वाक्य हे असं. हलायचं नाही, एवढंच सांगायचं असतं त्यांना. पण त्यांचा आवाज असा, की आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. लोक निमूट पडतात.

देवळाली कॅम्पातल्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात त्या ईसीजी काढतात. शेजारच्या खोलीत माझं औषधांचं दुकान. मध्ये एक लाकडी पार्टिशन, त्यात एक खिडकी. हृदयाबद्दल मला जे काही कळतं, ते सगळं या खिडकीतून आलेलं.

"चार खोल्या असतात. उजवीकडच्या दोघी मळकं रक्त फुप्फुसांकडे धाडतात, डावीकडच्या दोघी स्वच्छ रक्त अंगभर. दारं एकाच बाजूला उघडतात. पाहुण्याने पुढे जायचं, मागे फिरायचं नाही. अहो, हसू नका! हसलात की मशीनला वाटतं काहीतरी भयंकर झालं."

औषधांनाही त्यांनीच नावं दिलीत. ठोके सावकाश करणारी ती 'सबुरी', लघवी लावणारी 'नळवाली', कोलेस्टेरॉलची 'लोणीचोर'. पेशंट येऊन बिनदिक्कत म्हणतात, "एक पाकीट नळवाली द्या." मी चिठ्ठी बघतो म्हणून निभावतं.

या बाईंना पुरून उरला तो एकच माणूस. नाना. सिन्नरकडचे, शेवंती आणि कोथिंबीर पिकवणारे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एके सकाळी मिसळ खाऊन माझ्याकडे सोडा मागायला आले. मी बाटली काढतोय तोच खिडकीतून गर्जना झाली, "घामाने निथळतोय तो माणूस, त्याला सोडा काय देताय? इकडे पाठवा!"

"पित्त हाय ओ ताई," नाना म्हणाले. "एक ढेकर आला की मोकळा."

ताईंनी हातापायांना चिमटे लावले, छातीवर रबरी फुगे बसवले, ईसीजीची कागदी पट्टी काढली, बघितली आणि अनवाणी डॉक्टरांकडे धावल्या. त्याच दुपारी नाशकातल्या मोठ्या हॉस्पिटलात नानांची अँजिओप्लास्टी झाली.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं होतं, सहा महिन्यांनी दाखवा. नाना दर महिन्याला हजर.

"आता काय?"

"लय धकधक व्हतंय."

"धकधक होतंय म्हणून तर जिवंत आहात. पडा!"

पट्टी निघाली की नाना विचारायचे, "काय निघालं?"

"हट्ट निघाला तुमचा. दुसरं काही नाही."

नाना खूश होऊन पट्टीची घडी टोपीत ठेवायचे आणि टेबलावर शेवंतीचा पुडा विसरून जायचे. दर महिन्याला. "विसरभोळा मेला," असं म्हणत ताई ती फुलं पाण्याच्या ग्लासात ठेवायच्या. ताई एकट्याच राहतात. त्यांना याबद्दल काही विचारायची माझी हिंमत नाही.

गेल्या महिन्यात पुतण्याने नानांना रिक्षातून उचलून आणलं. डॉक्टरांनी बराच वेळ छाती दाबली, इंजेक्शनं दिली. शेवटी घाम पुसत ते ताईंना म्हणाले, "एक पट्टी काढा." माणूस गेला असं लिहिण्याआधी ती काढावी लागते.

मशीनचा कागद संपत आला होता. मी नवा रोल देऊन दारातच थांबलो. ताईंनी चिमटे लावले, फुगे लावले. मशीन सुरू झालं. सरळ रेघ.

वीतभर पट्टी पुरते. पण ताईंनी बटण बंद केलं नाही. कागद टेबलावरून लोंबला, फरशीला टेकला, तिथे त्याची वळकटी व्हायला लागली.

"ताई, पुरे," डॉक्टर हळूच म्हणाले.

"थांबा हो," रेघेवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "हा माणूस कधी सांगितल्या वेळी आलाय?"